तीन गाड्या, तीन भाव

८ डिसेंबर, सोमवार

शेगडी बसली, पलंग भिंतीकडं सरकवला, खोली आता खोलीसारखी दिसायली. घरमालकीण गंगम्माक्का कानडी, मी मराठी. अर्धं तिचं अर्धं माझं करून भागतं.

दिवाळीच्या आठवड्यात ह्यांना दुकानातच लकवा मारला. हात-पाय थोडे वळायलेत, काठी घेऊन चालतात, पण बोलणं गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, बसवकल्याणहून रोज येणं-जाणं नको, तीनेक महिने गुलबर्ग्यातच राहा, आठवड्यातून तीनदा बोलण्याची ट्रीटमेंट घ्या. म्हणून इथं.

तोंडातून एकच आवाज निघतो. ‘हां.’ भूक लागली तरी हां, नको असलं तरी हां.

आज दवाखान्याला जाताना ऑटोवाल्यानं काठी बघितली नि दोनशे म्हणाला. सेडम रोडचा दवाखाना काही एवढा लांब नाही. दिले. सगळा जन्म आडतीवर घालवलेला माणूस शेजारी बसून बघत होता. दुसऱ्याच्या तुरीला रुपया कमी आला तरी भांडणारा. उतरल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

सांजच्याला दीपाचा बेंगळूरहून फोन. ऑटोचं सांगितलं. म्हणाली, “आई, तू कामून रस्त्यावरचा ऑटो धरायलीस? थांब, तुझ्या फोनात एक ॲप टाकते.” तिनं तिकडून सांगायचं, मी इकडून दाबायचं. तासभर गेला. पोरीनं आवाज चढवला नाही, हे तिचं चांगलं.

१० डिसेंबर, बुधवार

ॲप असं आहे. कुठं जायचं ते टाकायचं. ऑटोच्या तीन कंपन्या आहेत, तिघींचे भाव एकाखाली एक दिसतात. त्यांची इंग्रजी नावं माझ्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून रंगावरून धरलंय: पिवळी, हिरवी, काळी. जी परवडंल तिच्यावर बोट ठेवायचं, ऑटो दाराशी. गाडी आली की फोनवर चार आकडे येतात ते ड्रायव्हरला सांगायचे, मगच तो निघतो.

आज पिवळी ब्याण्णव, काळी एक्क्याऐंशी, हिरवी शहात्तर. परवाचे दोनशे आठवले. हिरवीवर बोट ठेवलं तर ऑटो मागच्या गल्लीत जाऊन उभा. ड्रायव्हर फोनवर कानडीत “येल्लिदीरी, येल्लिदीरी”. मी म्हणायले इथंच हाव की. शेवटी गंगम्माक्कानं फोन हिसकावून त्याला रस्ता सांगितला.

बोलण्याच्या मॅडम लहान वयाच्या आहेत, शिल्पा नाव. कानडी नि हिंदी बोलतात. ह्यांच्यापुढं चित्रं ठेवली. आंबा, गाय, छत्री. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हणाले, “आंबा म्हणा की ओ, आंबा.” मॅडमनी मला बाहेर बसवलं. नंतर सांगितलं, “अम्मा, उनके बदले तुम मत बोलो. थोडा रुकना सीखो.”

रुकना. बघू जमतंय का.

१२ डिसें., शुक्र.

काही फरक नाही. मॅडमनी गाय दाखवली. गाय कार्डावरच राहिली.

१५ डिसें., सोम.

आज एक झालं. लिहू का नको, उगंच आस लागायची.

निघायच्या आधी ॲप उघडून बसले होते. हे शेजारी पलंगावर. मला वाटलं खिडकीतून बघायलेत, पण मान माझ्या फोनकडं. मी फोन जरा तिरपा धरला. पिवळी ८८, हिरवी ७४, काळी ७९. ह्यांनी डावा हात हळूच आणला नि काळीवर बोट ठेवलं.

मी म्हणाले, “हिरवी सस्ती हाय की.” बोट हलेना. मग बघितलं तर हिरवी यायला पंधरा मिनिटं, काळी चार मिनिटांवर. दवाखान्याला उशीर होत होता.

म्हणजे आकडा वाचला, वेळ वाचली, दोन्हीचा हिशेब केला. बोलता येत नाही म्हणून माणूस आत नाही असं थोडंच आहे. हे मला ठाऊक होतं, तरी आज दिसलं.

१७ डिसें., बुध.

मॅडमना सांगितलं. त्यांनी चित्रं ड्रॉवरमध्ये टाकली नि म्हणाल्या, फोन आत आणा. आता ट्रीटमेंट फोनवर. कुठली महाग, कुठली सस्ती, दाखवा. लहान आकडा कुठला. डाव्या हातानं लिहा. ह्यांनी ७४ लिहिलं. सात उलटा पडला, पण लिहिला.

तासभर डोळे मिटले नाहीत.

१९ डिसें., शुक्र. येळवस

आज वेळअमावस्या, गावाकडं सगळे शेतात. कडब्याची खोप, पूजा, सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. लग्नापासून एक येळवस चुकली नव्हती. धाकट्या भाऊजींनी बसवकल्याणच्या बसमध्ये कंडक्टरजवळ डबा दिला होता, दुपारी स्टँडवर जाऊन आणला. भज्जी अजून कोमट होती.

वाढली. ह्यांनी एक घास खाल्ला नि थांबले. काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, मानेची शीर फुगली, हां, हां, हां. मी विचारायला लागले. मीठ कमी हाय का? आंबील पायजे का? शेत आठवलं का? भाऊजीला फोन लावू का? एकेक विचारत गेले नि ह्यांचा चेहरा लालबुंद. वाटी भिरकावली. भिंतीवर भज्जी.

मॅडम सांगतात थांबा, थांबा. मला थांबता येत नाही. गप्प बसलेला माणूस समोर असला की माझं तोंड आपोआप चालतं.

भिंत पुसली. डाग राहिला.

२२ डिसें., सोम.

दोन दिवस माझ्याकडं पाठ. आज मॅडमना सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटंल असं धरून होते, तर त्या खूश. “गुस्सा आया मतलब बात अंदर है, अम्मा. बाहर आने का रस्ता ढूंढरी है.”

२४ डिसें., बुध.

आज घरी आल्याबरोबर लिहायला बसले.

परत येताना ॲपवर पिवळी ७८, तीच घेतली. ड्रायव्हर इस्माईलभाई, आधी दोनदा आलेला. आमच्याच भागात राहतो, म्हणून त्याचाच नंबर लागतो. मधी रस्ता खोदून ठेवलेला, त्यानं वळसा घातला. दाराशी उतरलो तर म्हणाला, “अम्मा, सौ देदेव. घूमके आना पडा.”

मी पिशवीत हात घातला. शंभर तर शंभर.

बाजूनं आवाज आला. “जास्ती.”

मला वाटलं रस्त्यावरचं कोणी बोललं. वळून बघितलं तर हे. काठीवर रेलून, इस्माईलभाईकडं टक लावून. परत म्हणाले. जाड, चिकटल्यासारखं, पण स्वच्छ. “जास्ती.”

इस्माईलभाईला काय ठाऊक. तो आपला भांडायला लागला, “क्या जास्ती सेठ, रस्ता खोदके रखे, मैं क्या करूं.” मी मधेच रडायला लागले तेव्हा तो घाबरला. “नक्को अम्मा, अठहत्तरच देव.” मग त्याला सांगितलं की हे दोन महिन्यांत बोललेले नाहीत. तो ऑटोतून उतरला. ह्यांचा डावा हात हातात घेतला नि म्हणाला, “हौ सेठ. जास्तीच था. तुम सच बोले.”

शंभरच दिले. ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

दीपाला फोन. ती तिकडं ऑफिसात रडायली, मी इकडं. जास्ती हा शब्द मराठीतला का कानडीतला का उर्दूतला, मायलेकी भांडत बसलो. तिन्हीत आहे. कुठल्याही दारानं आला असंल, आला.

२७ डिसें., शनि.

चहा जास्ती. पांघरूण जास्ती. गंगम्माक्काच्या टीव्हीचा आवाज जास्ती. मी त्यांच्या शर्टाची बटणं लावायला वाकले, तर मीही जास्ती.

एका शब्दावर घर चालायलंय. पण ‘हां’पेक्षा बरं. जास्ती म्हणजे काय ते तरी कळतं.

२ जानेवारी, शुक्र.

ॲपवर तिन्ही भाव चढलेले. सगळ्यात कमी त्र्याण्णव. नव्या सालाची गर्दी असंल. हे स्क्रीनकडं बघून म्हणाले, “सत्तर.”

मला आधी उमगलं नाही. फोनला सत्तर सांगायलेत. सौदा करायलेत.

मी म्हणाले, “ओ, त्यो फोन हाय. त्यो घासाघीस करत न्हाई.” दुकानात नव्या हमालाकडं बघायचे तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. हात वर करून मला थांबवलं. म्हणजे दम धर. बसलो. चहा झाला. परत उघडलं तर ८४. परत थांबलो. ७५ झाले तेव्हा मान हलवली.

ट्रीटमेंटला उशीर झाला. मॅडमना कारण सांगितलं तर त्या रागवायच्या ऐवजी हसायल्या.

५ जाने., सोम.

ड्रायव्हरला चार आकडे सांगायचं काम आता ह्यांचं, असं मॅडमनी ठरवून दिलंय. मी फोन पुढं धरायचा, तोंड बंद ठेवायचं. आज पहिला दिवस. ड्रायव्हर कोणी नवा पोरगेलासा, घाईत. “नंबर बोलो, नंबर बोलो.” हे म्हणाले, “चार.” मग गप्प. मागं गाड्यांचे हॉर्न. माझ्या जिभेवर बाकीचे तीन आकडे नाचायलेत. पदर तोंडात धरला.

“नौ.” मोठा श्वास. “दो.” ड्रायव्हर मागं वळला. त्याला तेव्हा कळलं असावं, कारण घाई थांबली. “आराम से, चाचा.”

चौथाही आला.

९ जाने., शुक्र.

आज आनंदाचा दिवस म्हणावा तर म्हणवत नाही.

इस्माईलभाईचा ऑटो लागला. तो त्याच्या दोन फोनांचं सांगत होता. एकावर पिवळी, दुसऱ्यावर काळी. “तुम तीन में देखते कौन सस्ता. मैं दो में देखता कौन ज्यादा देता. दोनों एकीच धंदा कररें, अम्मा.” हे हसले. आवाज काढून. मग विचारलं, “बच्चे कित्ते?”

पूर्ण. दोन शब्द जोडून. प्रश्न.

इस्माईलभाई म्हणाला, “तीन बेटियां, सेठ. बडी का नर्सिंग चलरा.” हे म्हणाले, “अच्छा है.” वाटेभर असंच. ह्यांचा एक शब्द, त्याचे वीस.

घरी आल्यावर मी विचारलं, “काय करू जेवायला?” हां. “भाकरी का भात?” हां. “माझं नाव सांगा बरं.” बघत राहिले. ओठ जुळवले, सोडले. मग तोंड फिरवलं.

परक्याला दखनी उर्दूत पोराबाळांची चौकशी, नि मला हां.

१० जाने., शनि.

मॅडमना फोन केला होता. त्या म्हणाल्या, प्रत्येक माणसाचं वेगळं असतं, जी बोली ज्या कामाला जास्त वापरली तिचे शब्द आधी सापडतात. बाजारात आयुष्यभर दखनी नि कानडी बोलले, ती घट्ट बसलेली. तुम्ही घरी काय बोलत होता, ते आठवून बघा, तिथून सुरू करू.

भाकऱ्या थापताना आठवत बसले. काय बोलत होतो आम्ही? वाढू का. हं. दीपाची फी भरली का. हं, भरली. उद्या लातूरला जायचंय. बरं. दार लाव. एवढंच. वाईट कधी बोलले नाहीत, हात कधी उचलला नाही, पण बोलणं असं कधी झालंच नाही. तेव्हा मला ते खटकलंही नव्हतं. सगळ्यांच्याच घरी तसं.

मग मराठी परत यायची कुठून? तिला रस्ताच पडलेला नाही.

तर पाडावा लागंल. आज जेवताना ठरवून एक गोष्ट सांगितली, माझ्या माहेरच्या विहिरीची, मी सातवीत असताना तिच्यात पडले होते ती. एवढ्या वर्षांत सांगितलीच नव्हती. विचारलं काहीच नाही, नुसतं सांगितलं. ताटातला हात थांबवून ऐकत होते.

१४ जाने., बुध. संक्रांत

गंगम्माक्का ताट घेऊन आली, तीळ, गूळ, खोबऱ्याचे काप. “एळ्ळु बेल्ला तिंदु, ओळ्ळे माताडु.” आपलंच, तिळगूळ घ्या गोड बोला. ह्यांनी हातात घेतला. “ओळ्ळेदु,” म्हणाले. चांगलं आहे, असं तिला कानडीत. अक्का एकदम खूश.

मी माझा लाडू दिला. काही म्हणाले नाहीत. पण अर्धा मोडून माझ्याकडं परत सारला. हे कधी केलं नव्हतं.

इस्माईलभाईलाही दिला. त्यानं पोरींसाठी बांधून नेला.

रोज एक गोष्ट सांगायचं चालू आहे. माझ्याकडं एवढ्या गोष्टी आहेत हे मलाच ठाऊक नव्हतं.

१९ जाने., सोम.

मॅडमचा नवा खेळ. जायचं नाही, नुसतं बघायचं. स्टेशनला किती पडतात, सुपर मार्केटला किती, गंजाला, म्हणजे तुरीच्या बाजाराला, किती. ह्यांनी स्वतः जागा शोधायची, तीन भाव काढायचे, महाग-सस्तं सांगायचं. डाव्या बोटानं छान फिरवतात आता. गंजावर मात्र अडकून बसले. भाव सांगून झाला तरी स्क्रीन सोडेनात. तुरीचा मोसम चालू आहे. रस्त्यानं गोण्या भरलेले ट्रक दिसतात.

दोन फोन आले. भाऊजी म्हणायलेत दुकान किती दिवस असं चालवू, मला माझी शेती आहे. एक जण भाड्यानं मागायलाय, देऊ का, महिनाअखेर सांगा. दीपा म्हणायली, “आई, फेब्रुवारीत अप्पांना इकडं आण. मोठी हॉस्पिटलं हायेत, माझ्याजवळ ऱ्हावा दोघं.” दोघांचंही खरं. दोघांनाही सांगते म्हणाले.

ह्यांना कोणी विचारायचं? हां म्हणतील. कशाला हां ते कळायचं नाही.

२२ जाने., गुरु.

आज जीव गेला नि परत आला.

गच्चीवर कपडे वाळू घालून खाली आले तर पलंग रिकामा. काठी नाही. चपला नाहीत. संडासात बघितलं, गल्लीत बघितलं, कोपऱ्यावरच्या टपरीवर विचारलं. फोन घ्यायला आत आले तर फोनही नाही.

गंगम्माक्काच्या फोनवरून माझाच नंबर लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. उचलला. नुसता श्वास. मी ओरडणार होते, का कोण जाणे थांबले. मॅडमचं ते रुकना आज कामाला आलं, कारण थांबले म्हणून मागचा आवाज ऐकू आला. गोण्या टाकल्याचा धप्प धप्प. कोणीतरी “बाजू, बाजू”. काट्यावरचा माणूस वजन पुकारायला.

“गंजात हाव का?”

“हां.”

“तिथंच बसा. मी यायले.”

रस्त्यावर जो पहिला ऑटो दिसला त्याला हात केला. किती घेणार हे विचारायचंही सुचलं नाही. वाटेत सगळे देव झाले. रस्ता ओलांडताना पडले असते तर. कोणाला नाव सांगता आलं नसतं.

आणि तिथं हे महाराज एका आडत्याच्या गादीवर लोडाला टेकून बसलेले. समोर चहा. आडत्या जुना ओळखीचा, सेडमकडचा. मला बघून उठला. “या वैनी. अण्णा एकटेच आले ऑटोतून. मीच दचकलो.”

मी ह्यांच्यापुढं उभी राहिले. जे जे बोलायचं होतं ते गळ्याशी आलेलं. ह्यांनी डावी मूठ उघडली. मुठीत तूर. माझ्यापुढं धरली.

“बघ,” म्हणाले.

मी बघितली.

“ओली हाय.”

एक दाणा दाताखाली धरला. खरंच ओली होती. अजून ऊन लागायला पाहिजे होतं. “व्हय,” मी म्हणाले. “ओलीच हाय.”

मी तिथंच गोणीवर बसले. आडत्यानं मलाही चहा दिला.

२३ जाने., शुक्र.

काल घरी आल्यावर मात्र मी बोलले. भांडलेच. “कामून गेलाव न सांगता? माझा जीव गेला असता म्हंजे?” ऐकून घेतलं सगळं. माझं संपल्यावर छातीवर हात ठेवला. “आकडा. मी. सांगितला.” ड्रायव्हरला चार आकडे, एकट्यानं. चेहऱ्यावर मिजास अशी, दीपा वर्गात पहिली आली होती तेव्हासारखी.

राग ठेवायचा होता, राहिला नाही.

आज मॅडमनी दोघांचीही शाळा घेतली. ह्यांना सांगितलं, न सांगता बाहेर पडायचं नाही. मला सांगितलं, सांगून निघाले तर अडवायचं नाही. एक चिठ्ठी नाव-पत्ता लिहून खिशात. चिठ्ठी बघून हे म्हणाले, “जास्ती.” पण खिशात ठेवली.

मराठी आली. ओल्या तुरीवरून का होईना. माझ्यापाशी आली.

२८ जाने., बुध.

भाऊजींना कळवलं, दुकानाचं आणखी महिनाभर धरून ठेवा. कोणाला विचारून नव्हतं सांगितलं, माझं मीच सांगितलं. भाऊजी जरा नाराज. तरी बरं म्हणाले.

शब्द यायलेत, पण रोज सारखे नाहीत. काल चमच्याला काटा म्हणाले नि स्वतःवरच चिडले. आज सकाळपासून हां-हांच. मॅडम म्हणतात असंच वरखाली चालणार.

१ फेब्रुवारी, रवि.

ट्रीटमेंट नाही. दोघंही कंटाळलेले. ह्यांनी फोन मागितला. मला वाटलं परत गंज. ॲप उघडलं, नि कुठं जायचं ती जागा रिकामी ठेवून फोन माझ्या हातात दिला.

“तू सांग.”

काय सांगू? खरंच सुचेना. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, जिथं जिथं गेले तिथं कोणाचं तरी काम होतं. लग्न, बारसं, दवाखाना, मयत. मला कुठं जायचंय असा प्रश्नच पडला नव्हता. हे वाट बघत बसले. आता त्यांना थांबायला जमतं, माझ्यापेक्षा जास्त.

शेवटी मी म्हणाले, “इथल्या मोठ्या तळ्यावर जाऊ. पाणी बघू.”

तीन भाव आले. ह्यांनी वाचले, पिवळी, हिरवी, काळी, अडखळत पण सगळे. मग पिवळीवर बोट, सगळ्यात महाग. मी बघतच राहिले. “इस्माईल,” म्हणाले. तो पिवळीवर असतो म्हणून. आला दुसराच कोणी. हसू आलं दोघांनाही.

तळ्यावर वारा होता. कठड्याशी बसून फुटाणे खाल्ले. पोरं पायडलच्या नावेत ओरडत होती. मी विहिरीच्या गोष्टीतलं राहिलेलं सांगितलं, मला वर काढणारी आजी कशी मला मारतच घरी घेऊन आली ते. हे खांदे हलवत हसले. मग म्हणाले, “गार?”

मला गार वाटतंय का, असं.

“थोडं,” मी म्हणाले. त्यांनी गळ्यातला मफलर डाव्या हातानं सोडवला. फार वेळ लागला. मी मदत केली नाही.

९ फेब्रु., सोम.

डॉक्टरांनी तपासलं. हात आणखी सुधारंल म्हणाले. बोलण्याचं कोणी लिहून देऊ शकत नाही, पण इथपर्यंत आलंय ते चांगलं आहे. बेंगळूरला नेलं तरी चालंल, घरी नेऊन आठवड्यातून एकदा इथं आणलं तरी चालंल. तुम्ही ठरवा.

दीपाचा रात्रीच्या ऐवजी दुपारीच फोन आला. तिकीट काढू का, अप्पांना विचार.

मी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. हां म्हणता येणार नाही असं विचारलं. “बेंगळूरला दीपाकडं, का घरी दुकानाकडं? दोन्हीतलं कोणतं?” फोन स्पीकरवर. तिकडं दीपा गप्प, इकडं मी गप्प.

ह्यांनी विचार केला. पायजम्यावरची घडी सरळ केली. खिडकीतून बाहेर बघितलं, मग माझ्याकडं.

“बघू,” म्हणाले.

हा त्यांचा जुना शब्द. नवी साडी, माहेरी जायचं, दीपाचं शिक्षण, घराला रंग, काहीही विचारलं की “बघू”. ह्या शब्दानं मी किती वेळा मनात ताटं आपटली असतील. आज ऐकला नि हसू का रडू झालं. तिकडं दीपा म्हणायली, “आई, अप्पा बघू म्हणाले का? बघूच म्हणाले ना?”

“व्हय,” मी म्हणाले. “बघूच म्हणाले.”

परवा परत ट्रीटमेंट आहे.